उभ्या गाडीचं वय

टायरच्या दुकानातला तो मुलगा पंचविशीचाही नसेल. ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, ज्यात मी आणि नवरा आता कायमचं राहायला निघालोय, दुकानासमोर उभा केला होता आणि मी त्याला सांगत होते की टायर बघ जरा, दिसतायत चांगले, पण लांबचं जायचंय म्हणून एकदा खात्री करून घ्यायचीय. आणि खरंच दिसत होते चांगले. नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते सुद्धा मधेमधे शिल्लक होते, नक्षी अख्खी, कुठे झीज नाही. तो उकिडवा बसला, साइडवॉलवरची धूळ अंगठ्याने पुसली, तिथे लंबगोल चौकटीत चार आकडे निघाले, २९१२. म्हणजे २०१२ सालचा एकोणतिसावा आठवडा, जुलै महिना. मग त्याने रबरावरच्या केसाएवढ्या भेगांवरून नख फिरवलं आणि उठता उठता सहज म्हणाला, "हा कधी कुठे गेलाच नाही वाटतं." एवढंच. मग तो आत किंमत काढायला गेला आणि मी तिथेच उभी राहिले.

२०१२ च्या जुलैमध्ये माझा मुलगा सायकलवरून पडून हात गळ्यात बांधून हिंडत होता, बाबा अजून होते, आणि हा टायर नुकताच बनला होता, मग ओहायोत कोलंबसच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये, एकाच जागेवर, काँक्रीटवर, ट्रेलरचं वजन घेऊन उभा राहिला. त्यानंतर इतकी वर्षं तसाच. ते वाक्य नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही, भांडी घासताना, रात्री जाग आली की, मधेच आठवायचं.

टायर फिरला नाही म्हणजे जपला गेला असं आपल्याला वाटतं, पण रबराचं उलटं असतं. टायर बनवताना त्यात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात, चाक फिरताना रबर सतत वाकतं, दबतं, सुटतं, आणि त्या हालचालीने ती द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात, हवेतल्या ओझोनपासून त्याला वाचवतात. उभ्या टायरला हे मिळतच नाही. तो वरून नवा दिसतो आणि आतून कडक होत जातो, मग एखाद्या गरम दुपारी हायवेवर त्याची पट्टी सोलून निघते आणि जाताना चाकाच्या वरचा पत्रा, गॅसची नळी, वायरिंग, जे हाताला लागेल ते घेऊन जाते. म्हणून ट्रेलरच्या टायरचं वय पाच-सहा वर्षं झालं की नक्षी कितीही असो, बदलायचे. आम्ही चारही आणि स्टेपनी बदलली, १५ इंची, लोड रेंज, म्हणजे वजन झेलायची श्रेणी, डी च्या जागी ई, म्हणजे ६५ ऐवजी ८० पीएसआय हवा. त्यासाठी रिमसुद्धा ८० झेलणारं आहे का हे आधी रिमच्या मागे छापलेलं वाचून घ्यावं लागतं, नुसता टायर दणकट घेऊन भागत नाही. आणि बऱ्याच ट्रेलर टायरना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते, ती आम्ही पाळणार, मागून कितीही हॉर्न वाजले तरी.

ट्रेलर २००६ चा, पंचवीस फुटी, लाकडी सांगाडा आणि बाहेरून नागमोडी अॅल्युमिनियमचा पत्रा. ट्रक, म्हणजे पिकअप, २००७ चा, पाऊण टनी म्हणतात त्या वर्गातला, पेट्रोलवर चालणारा. दोघांत एका वर्षाचं अंतर, पण आयुष्य एकदम वेगळं गेलेलं. ट्रेलर शेडमध्ये झाकून ठेवलेला, ट्रक टेक्सासमध्ये घोड्यांचे ट्रेलर ओढत दीड लाख मैलांच्या वर धावलेला. ट्रक आम्ही मुद्दाम लांबून आणला, कारण ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि इथले जुने ट्रक वरून चकाचक, खालून चॅसी आणि ब्रेकच्या नळ्या सडलेल्या असे असतात. मैत्रिणी ट्रक बघून म्हणायच्या अगं हा किती दमलेला दिसतो, दोन्ही बाजूंना ओरखडे, मागच्या हौद्यात पोचे, ड्रायव्हरच्या सीटची एक कड फाटलेली. ट्रेलर बघून म्हणायच्या, हा मात्र छान ठेवलाय हं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पुढचे महिने आम्ही दोघांनी त्या दोन गाड्यांच्या पोटात शिरून काम केलं आणि ते चित्र हळूहळू फिरलं.

आधी छप्पर, कारण बाकी सगळं त्याच्या खाली आहे. ते काम माझं होतं. मला उंचीची भीती नाही आणि नवऱ्याचा गुडघा शिडीला तयार नाही. छपरावर पांढऱ्या रबराची एक अखंड चादर असते, उन्हाने तिची भुकटी सुटते, हात फिरवला की पांढरा होतो, पावसात बाजूने पांढरे ओघळ येतात, त्याचं एवढं काही नाही. खरी गोष्ट असते जिथे जिथे त्या चादरीला भोक पाडलंय तिथे, वरची खिडकी, संडासच्या टाकीचा व्हेंट, फ्रिजची चिमणी, अँटेना. तिथलं सीलंट वाळून, आक्रसून, कडेने सुटलेलं. मी गुडघ्यांवर बसून प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडत होते, धातूची चालत नाही, चादर फाटते, आणि पेट्रोलियमचा अंश असलेला कुठलाही क्लीनर तर लावायचाच नाही, रबर फुगतं. खालून काँक्रीटची गरम हवा, वर ऊन, हाताला त्या जुन्या सीलंटचा तेलकट वास, आणि मधेच शेजारच्या झाडावरची खार माझ्याकडे बघत थांबलेली. त्या कामात मला विलक्षण शांत वाटायचं. नवीन सीलंट ओतलं की ते आपोआप पसरून सपाट होतं, स्क्रूचं डोकं हळूहळू त्याच्याखाली जातं, ते बघत बसायला मला आवडायचं.

पुढच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या छोट्या दिव्याच्या खाली, आतून भिंत दाबली की किंचित आत जायची. फार नाही, बोटाच्या टोकाएवढी. ओलावा मोजायचं यंत्र लावलं तर आकडा चढला. कोपऱ्याची धातूची पट्टी काढली, पत्र्याचे दोन-तीन पट्टे सोडवले, आणि आत लाकडाच्या जागी तपकिरीसारखा भुगा होता, बोटांतून गळून पडला. त्या पट्टीच्या मागे ब्युटाइलची चिकट टेप असते, ती वाळली की पाणी दिसणार नाही इतक्या बारीक वाटेने शिरतं, आणि वर्षानुवर्षं शिरत राहतं. ट्रेलर वापरात असता तर पहिल्याच पावसाळी सहलीत कुणाच्या तरी उशीवर थेंब पडला असता, त्यांनी वर बघितलं असतं, एका दुपारचं काम होतं. आत कुणी झोपलंच नाही. शेडच्या छपरालाच एका बाजूला गळती होती, आणि ती नेमकी ह्याच कोपऱ्यावर.

चिपळूणजवळचं आमचं घर मला तेव्हा आठवलं. आई-बाबा गेल्यावर ते दोन-तीन पावसाळे बंद होतं. आम्ही गेलो तर बाहेरून तसंच, चिऱ्याच्या भिंती, अंगणातली तुळस सुद्धा कुणीतरी पाणी घालून जगवलेली. कडी काढली आणि आत कुबट वास आला, एक कौल सरकलं होतं, त्याखालचा वासा काळा पडला होता, माजघरातल्या कपाटाच्या मागून वाळवीने मातीची रेघ थेट आढ्यापर्यंत नेली होती. शेजारच्या काकू पदराने नाक धरून मागे उभ्या, म्हणाल्या, "वापर नाही ना बाय, म्हणून." चूल पेटली की धुराने वाशाला वाळवी लागत नाही, रोज केर काढला की कौल सरकलेलं लक्षात येतं, ह्या गोष्टी आम्हाला कुणी शिकवल्या नव्हत्या, त्या राहण्यातच होऊन जायच्या. ओहायोतल्या त्या कोपऱ्यात हात घालून कुजलेलं लाकूड काढताना मला एकदम तो वासा आठवला आणि थोडा वेळ खाली उतरून बसावं लागलं.

त्या कोपऱ्याला नवीन लाकूड बसवलं, जुन्याच्या दुप्पट लांबीला जोडून, वर इन्सुलेशन, मग पत्रा, मग नवीन ब्युटाइल, पट्टी, आणि कडेने सीलंट. ह्या प्रकारच्या ट्रेलरचा हा मोठा गुण, पत्रा सुटा होतो, घरच्या घरी उघडता येतो. गुळगुळीत फायबरच्या भिंतीचे जे असतात त्यांच्या भिंतीला पाणी लागलं की आतलं प्लायवुड सुटून फुगा येतो आणि मग ते घरी करायचं काम राहत नाही. कुणी जुना ट्रेलर बघत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आतला सोफा, पडदे, टीव्ही नंतर बघा, आधी बाहेरून तिरप्या उन्हात भिंत बघा आणि कपाटांच्या आत हात घालून कोपरे दाबा.

चाकांचं काम नवऱ्याने घेतलं. ड्रम काढले, बेअरिंग काढून केरोसीनमध्ये धुतली, आणि रुळांवर एकाच बाजूला गंजाचे ठिपके. ग्रीसमध्ये ओल शिरली होती आणि चाक वर्षानुवर्षं त्याच जागी थांबलेलं, त्यामुळे जिथे रूळ टेकले होते तिथेच गंज बसला. बेअरिंग चालत्या ट्रेलरची सुद्धा वर्षाला किंवा बारा हजार मैलांना उघडून ग्रीस भरायची असतात. इथे नवीनच घातली. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यात बेअरिंगची कड दाबत दाबत वरून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं, हे त्याला त्याच्या काकांनी सांगलीला ट्रॅक्टरच्या चाकावर शिकवलं होतं म्हणे, लग्नाला इतकी वर्षं होऊन मला हे माहीत नव्हतं. ब्रेकची मॅग्नेट्स गंजून चिकटलेली, ती सगळी प्लेटच नवीन लावली. आणि ब्रेकअवे स्विच, म्हणजे ट्रेलर ट्रकपासून सुटला तर तारेने पिन ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जो असतो तो, त्याची पिन ओढली तर काहीच झालं नाही. आतले पितळी पत्रे हिरवे पडले होते. बाहेरून स्विच ठीकठाक.

असंच गॅसच्या अलार्मचं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जमिनीलगत असतो तो, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून खाली. त्याचा हिरवा दिवा लागत होता. काढून मागे बघितलं तर बनवल्याची तारीख २००५. आतला सेन्सर पाच ते सात वर्षं काम देतो. त्यानंतर तो दिवा आणखी कितीतरी वर्षं हिरवाच राहिला.

ते बघून मला खरंच भीती वाटली.

मग आम्ही गॅसचं काहीच जुनं ठेवलं नाही. रबरी नळ्या, रेग्युलेटर, अलार्म नवे, तांब्याच्या पाइपचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला, गॅसचा दाब, तो पाण्याच्या इंचांत मोजतात, अकरा इंचांवर आणून बसवला. ह्यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालते. पडदे जुने चालतील, गादी जुनी चालेल, ह्या एका गोष्टीत नाही, बंद खोलीत झोपायचं असतं आपल्याला.

उभं राहूनही ज्याला फारसं काही झालं नव्हतं अशी एकच गोष्ट निघाली, फ्रिज. हे अमोनियावर चालणारे फ्रिज, १९२२ साली स्वीडनमध्ये प्लाटेन आणि मुंटर्स ह्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी काढलेली कल्पना, त्यात ना पंप ना कॉम्प्रेसर, खाली एक छोटी ज्योत आणि त्या उष्णतेवर अमोनिया, पाणी, हायड्रोजन ह्यांचं फिरणं. हलणारा भागच नाही तर अडकणार काय. बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं होतं आणि वरून गंजाचे पापुद्रे पडले होते, ते साफ केले, पेटवला, संध्याकाळी काहीच नाही, सकाळी उठून बघितलं तर बर्फाचा ट्रे घट्ट. फक्त ट्रेलर सपाट उभा करायचा, तिरका असला की आतला द्रव गुरुत्वाकर्षणाने परत येत नाही आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. म्हणून दाराशी आम्ही दोन छोटे बुडबुडेवाले लेव्हल चिकटवलेत.

बॅटऱ्या अर्थातच मेलेल्या होत्या. लेड-अॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक धरतात आणि मग ते विरघळत नाहीत. त्या जागी २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली, वजनाला निम्म्याहून कमी आणि वापरता येते जवळजवळ सगळी, जुन्यातली निम्मीच वापरायची असायची. पण तिचं एक तंत्र आहे, शून्य अंशाच्या खाली असताना तिला चार्ज करायचं नाही, म्हणून ती पुढच्या दांड्यावर न ठेवता आत, पलंगाखाली घेतली. बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा २००६ चा कन्व्हर्टर तिला पुरेसा व्होल्टेज देत नव्हता, तोही बदलला, छपरावर सोलर बसवताना मात्र मी प्रत्येक स्क्रू स्वतः सील केला, इतकं करून आणलेल्या छपराला पुन्हा भोकं पाडताना जीव वरखाली होत होता.

आता ट्रक. मेकॅनिक साठीचा माणूस, फारसं बोलत नाही, ट्रक लिफ्टवर चढवला आणि खाली टॉर्च घेऊन फिरायला लागला, मीही मागोमाग. बॉल जॉइंट झिजलेले, यू-जॉइंटमध्ये खेळ, शॉक गेलेले, पुढचे ब्रेक रोटर पातळ, पाण्याचा पंप किंचित ओलसर. मी वहीत लिहीत होते आणि पोटात गोळा येत होता. मग त्याने मागच्या डिफरेन्शियलचं झाकण काढलं, तेल बोटांत चोळून उजेडात धरलं, दातांवरून बोट फिरवलं, गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कागदावर टिपलं, लाल, स्वच्छ, जळका वास नाही. म्हणाला, चांगला आहे, झिजतं ते झिजलंय, बाकी आत काही नाही. आधीच्या मालकाने प्रत्येक पावती ठेवली होती, तेल, फिल्टर, कूलंट, तारीख आणि मैल. ह्या ट्रकने इतकं ओढलं म्हणूनच त्याला कुणीतरी सतत बघत आलं होतं. जे झिजलं ते मोजता येत होतं, मिलिमीटरमध्ये, त्याचा सुटा भाग मिळत होता, आणि लावला की ट्रक त्या जागी पुन्हा नवा. ट्रेलरचं तसं नव्हतं. त्याला काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं, आम्हाला ते एकेक करून हुडकावं लागलं.

ट्रकला वरून गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा कूलर आणि तापमानाचा काटा बसवला, कारण चढावर ओढताना आधी तापतं ते तेच. आणि ब्रेक कंट्रोलर, डॅशबोर्डखाली, त्याला एक छोटी दांडी असते. पहिल्यांदा जोडून रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवत ती दांडी हाताने दाबली आणि मागून ट्रेलरने ट्रकला धरून ठेवलं, ब्रेकवर माझा पाय नव्हता. पाठीला तो ओढा जाणवला तेव्हा आम्ही दोघं एकदमच हसलो.

वजनाचं सांगायलाच हवं. ट्रक किती ओढू शकतो तो जाहिरातीतला आकडा सगळे विचारतात, पण खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून ह्याच्यावर जाऊ नका म्हणून. आमचा २,३०० पाउंड. त्यात आम्ही दोघं, हिचचा, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतात त्या जोडणीचा, लोखंडी सांगाडा, मागचं झाकण, हत्यारं, जनरेटर, आणि मुख्य म्हणजे ट्रेलरचं जे वजन हिचवर टेकतं ते, एकूण ट्रेलरच्या दहा ते पंधरा टक्के. कमी टेकलं तर ट्रेलर मागून डोलायला लागतो, जास्त टेकलं तर ट्रकची पुढची चाकं हलकी होतात. घरी बसून हे कळत नाही, काट्यावर जावं लागतं. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर मोठा काटा असतो, सगळी चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यायची, खांबावरचं बटण दाबायचं, स्पीकरमधून बाईचा आवाज विचारतो, पहिलं वजन की दुसरं? मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक परत आणायचा आणि वजाबाकी करायची.

निघायच्या तयारीने सगळं भरून पहिलं वजन केलं तेव्हा ट्रेलर ६,८५० भरला. मर्यादा ७,०००. नियमात होतो, पण इतक्या काठावर मला चालणार नव्हतं, वीस वर्षांचे अॅक्सल आहेत ते. घरी येऊन न्हाणीघरातला काटा दिवाणखान्यात आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवली. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३४ पाउंड, ती मुक्कामाच्या जवळ जाऊन भरायची असं ठरलं. मग वेट ग्राइंडर, शिलाई मशीन, पुस्तकांची खोकी, आईचा पाटा-वरवंटा. शिलाई मशीनला हात लागेपर्यंत मी ठीक होते. पाट्याला नवरा काही म्हणाला नाही, उचलून काट्यावर ठेवला, आकडा वाचला आणि परत खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे बोल ना." तो म्हणाला, "तू सांगशील तसं." पाटा आता मैत्रिणीच्या घरी आहे, ती वापरते त्याच्यावर, तसं मी तिच्याकडून कबूलच करून घेतलं. नुसता अंगणात कुंडीखाली ठेवणार असशील तर देत नाही म्हटलं. पितळी खलबत्ता बरोबर येतोय. दुसऱ्या खेपेला ट्रेलर ६,४०० आला, हिचवर ८००, म्हणजे साडेबारा टक्के, आणि मी ती पावती फ्रिजच्या दारावर लावली.

लोक विचारतात का करताय हे. काही जण काळजीने, काही जण चेहऱ्यावर दया आणून, मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं की सगळं ठीक आहे ना. त्यांना ट्रेलरमध्ये राहणं म्हणजे घर गेलं असंच वाटलं, आणि ह्या देशात पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही आहे. १९३०च्या मंदीतही हेच होतं, एकीकडे हौसेने ट्रेलर घेणारे, दुसरीकडे त्यातच आयुष्य काढायला लागलेले. आम्ही हौसेतले. घर विकून पैसे बँकेत आहेत, मुलगा शिकागोत आहे, नको वाटलं तर परत येता येईल. ज्यांना भाडं परवडत नाही म्हणून ट्रेलर घ्यावा लागला त्यांची आणि आमची तयारी बाहेरून सारखीच दिसते, तेच सीलंट, तेच टायर, पण ती सारखी नाही, आणि मुक्कामाला शेजारी असं कुणी भेटलं तर 'स्वातंत्र्य' वगैरे शब्द माझ्या तोंडून निघू नयेत एवढं मी स्वतःला सांगून ठेवलंय.

आणि त्या टायरवाल्या मुलाच्या वाक्याचं काय, तर मी ते बरेच दिवस स्वतःला लावून बघत होते. आम्हीही एका जागी राहिलो, एकच घर, एकच कामाचा रस्ता, तीच किराण्याची रांग. पण ते मला पटत नाही. त्या घरात आम्ही रोज राहत होतो. मुलाचे मित्र, शेजारणीची बाळंतपणं, सासूबाईंचं दुखणं, तळघरात आलेलं पाणी रात्रभर उपसलेलं. जागेवर असणं आणि पडून राहणं ह्यात फरक आहे. माझी भीती पुढच्या वर्षांची होती, मुलगा गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची दारं आम्ही लावून घेतली होती, हिवाळ्यात तिथलं हीटिंग कमी केलं होतं, आणि एकदा काहीतरी शोधायला वर गेले तर त्या खोलीत तो चिपळूणचा वास नव्हता पण तसाच काहीतरी थांबलेला वास होता. त्या रात्री जेवताना मी पहिल्यांदा ट्रेलरचा विषय काढला. नवरा वर्षानुवर्षं एअरस्ट्रीम ट्रेलर काढणाऱ्या वॉली बायमच्या १९५९ च्या केपटाउन ते कैरो ताफ्याचे फोटो बघत बसायचा, चिखलातून ढकललेले चंदेरी ट्रेलर, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी ते फोटो मी मागितले.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण सोडता येत नाही. घर नाही तर पत्ता हवा, लायसन्स, विमा, कर, मतदान सगळं पत्त्यावर. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी एस्केपीज नावाचा क्लब आहे, १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन ह्या जोडप्याने सुरू केलेला, कायम रस्त्यावर राहणाऱ्यांची टपाल तिथे जमा होते आणि आपण असू तिथे पाठवतात. ट्रेलरचा विमा कायम राहणाऱ्यांचा वेगळा घ्यावा लागतो, सुट्टीवाल्यांचा चालत नाही. आरोग्य विम्याने मात्र डोकं उठवलं, राज्य ओलांडलं की नेहमीचे डॉक्टर यादीबाहेर, मेडिकेअर हा सरकारी विमा पासष्टला, तोवर औषधांचा साठा आणि नियमित तपासण्यांचं वेळापत्रक हातात ठेवून चालायचं. ह्या एका बाबतीत माझं मन अजून निवांत नाही.

जवळच्या स्टेट पार्कमध्ये राहून आलो, मुद्दाम पावसाचा अंदाज बघून गेलो. रात्रभर छपरावर पाऊस वाजत होता आणि मी टॉर्च घेऊन कोपरे चाचपत होते, सगळे कोरडे. येताना दर थांब्यावर चाकांच्या हबचं तापमान घेतलं, चारही जवळजवळ सारखे.

हिवाळ्यासाठी ॲरिझोना ठरलंय. क्वार्टझसाइटजवळ सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येतं, पाणी आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. इतर सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदाच, मग हलायचं. तो नियम मला मनापासून आवडलाय. वाद आहे तो रस्त्यावरून. आय-७० हायवे आमच्या दारावरून सरळ डेन्व्हरला जातो आणि नवऱ्याला त्याच रस्त्याने रॉकीज ओलांडायचेत, आयसेनहॉवर टनेल, अकरा हजार फुटांच्या वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे तिसरा हिस्सा गेलेला, आणि पलीकडे सात टक्के उतार, त्यानंतर पुन्हा व्हेल पास. माझं म्हणणं सेंट लुइसहून आय-४४, ओक्लाहोमा सिटीहून आय-४०, अल्बुकर्कीला दक्षिणेला वळून आय-१० धरू. लांब पडला तर पडू दे. बेअरिंग नवीन आहेत, पहिल्या हजार मैलांनंतर मला ती एकदा उघडून बघायचीत, ती डोंगराच्या अलीकडे. शेवटी माझाच रस्ता ठरला. टनेल पुढच्या उन्हाळ्यात बघू, ट्रेलर खाली सोडून नुसत्या ट्रकने जाऊ, असं मी म्हटलं. ते त्याने मान्य केलंय, फक्त तारीख माझ्याकडून आत्ताच लिहून मागतोय.